प्लेस्टेशन ३ वरचं लिनक्स दर आठवड्याला कोसळतंय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. सोनीचं गेम खेळायचं मशीन, जुनं जाडं प्लेस्टेशन ३, त्यावर ‘अदर ओएस’च्या, म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकू देणाऱ्या सोयीच्या, वाटेनं टाकलेलं लिनक्स. चार-पाच दिवस मशीन छान चालतं. मग एक दिवस फाइल सेव्ह करायला जावं तर ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असं उत्तर येतं. रीबूट केलं की एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं साधन, अर्ध्यात थांबतं आणि रूटचा पासवर्ड मागत बसतं. हातानं दुरुस्त केलं की आणखी चार-पाच दिवस निघतात. तिसऱ्या खेपेला माणूस वैतागतो, सगळं पुसून नव्यानं टाकतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

मी लातूरला राहतो आणि घरी अकरावी-बारावीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. हे मशीन थोरल्या भावानं २००८ साली घेतलेलं. त्या काळी आमच्याकडं इंटरनेट नव्हतं, त्यामुळं ते कधी अपडेटच झालं नाही, आणि आज त्याची किंमत आहे ती त्यामुळंच. १ एप्रिल २०१० ला आलेल्या ३.२१ फर्मवेअरनं, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरनं, ‘इन्स्टॉल अदर ओएस’ हा पर्याय काढून टाकला. २००९ च्या सप्टेंबरात आलेल्या स्लिम मॉडेलमध्ये तर तो नव्हताच. म्हणजे हे लिखाण ३.१५ किंवा त्याआधीचं फर्मवेअर असलेल्या जाड्या मॉडेलपुरतं आहे.

एवढ्या जुन्या मशीनचा खटाटोप कशाला, असं मला बरेच जण विचारतात. यातला सेल प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचा आहे. एक मुख्य गाभा, आणि त्याच्या हाताखाली लिनक्सला मिळणारे सहा एसपीई, म्हणजे छोटे मदतनीस गाभे. प्रत्येक एसपीईकडं स्वतःची फक्त २५६ केबी मेमरी. तिच्यात काय आणायचं, कधी आणायचं, परत कधी पाठवायचं, हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ठरवायचं. काम वाटून देणं म्हणजे काय हे मुलांना इथं हातानं करून कळतं. गौरव खन्ना या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये आठ प्लेस्टेशन ३ जोडून कृष्णविवरांची गणितं केली होती. हे सांगितलं की पोरं सरसावून बसतात. मशीन चालू राहावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

मी धरलेले चुकीचे संशयित

पहिला संशय डिस्कवर. कुणीही हेच म्हणेल. डिस्क जुनी, लॅपटॉपची अडीच इंची, ५४०० फेऱ्यांची. मी दोनदा फॉरमॅट केलं आणि दोन्ही वेळा वाटणी नव्यानं केली. इथं पर्याय दोनच असतात: १० जीबी अदर ओएसला आणि उरलेलं गेमला, किंवा १० जीबी गेमला आणि उरलेलं अदर ओएसला. यातलं काहीही बदललं की दोन्ही बाजूंचा सगळा डेटा जातो. दोन रविवार यातच गेले, फरक काही पडला नाही.

दुसरा संशय उन्हावर. लातूरचा एप्रिल, पत्र्याखालची खोली, मशीन बंद पडलेलं सापडायचं. तापलं असणार असं धरून मी धूळ काढली, टेबल भिंतीपासून लांब घेतलं. पण दिव्याकडं नीट पाहिलं असतं तर हा फेरा वाचला असता. मशीन तापून बंद पडतं तेव्हा दिवा लुकलुकतो. माझ्याकडं मात्र लाल दिवा स्थिर असायचा, बटणानं नीट बंद केल्यावर असतो तसाच. स्थिर लाल दिव्याचा अर्थ, मागून वीज तुटली आणि परत आली. वीज परत आल्यावर हे मशीन आपोआप चालू होत नाही, स्टँडबायमध्ये थांबतं.

तिसरा संशय आतल्या बटण-सेलवर, आणि तो निम्मा खरा निघाला. आत सीआर२०३२ सेल असतो, तो संपला की घड्याळ मागं जातं. मग एफएससीके दर बूटला म्हणतं की डिस्क शेवटची माउंट झाली, म्हणजे वापरायला जोडली गेली, ती वेळ भविष्यातली आहे, आणि तपासणी सुरू करतं. दिसायला हा आमच्या दुखण्यासारखाच प्रकार, पण यात फाइली तुटत नाहीत. तुमच्या पडद्यावर फक्त वेळेची तक्रार येत असेल तर सेल बदला, पुढचं वाचायची गरज नाही. मशीन उघडायचं नसेल तर ई२एफएससीकेच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘ब्रोकन सिस्टिम क्लॉक’ हा पर्याय १ करता येतो. मी सेल बदलला, तक्रार गेली, फाइली मात्र तुटतच राहिल्या.

डिस्कलाच विचारा

आता मुद्द्याची गोष्ट. लिनक्समधून या डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, वाचायला गेलं तर काही हाती लागत नाही, कारण लिनक्स डिस्कशी थेट बोलतच नाही. मध्ये हायपरवायझर नावाचा पहारेकरी प्रोग्रॅम बसलेला असतो, तो देईल तेवढाच तुकडा पीएस३डीए या नावानं दिसतो. त्यामुळं बरेच जण डिस्कची तब्येत तपासायचं सोडूनच देतात. तसं करू नका. डिस्क बाहेर काढा.

हे काम दहा मिनिटांचं आहे. मशीनच्या कडेला डिस्कचं छोटं झाकण असतं. ते निघालं की आत एकच निळा स्क्रू दिसतो. तो काढा, ट्रेची तारेची कडी धरून ट्रे सरकवा आणि बाहेर ओढा. माझ्या ट्रेवर काळ्या मातीची बारीक धूळ इतकी बसली होती की कडीचा आकार तिच्यात उमटला होता. ट्रेला चार स्क्रू असतात, पण नुसतं तपासायला ते काढायची गरज नाही. सॅटाचं यूएसबी अडॅप्टर तसंच बसतं.

अडॅप्टर संगणकाला लावायच्या आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ही डिस्क अख्खी एन्क्रिप्ट केलेली असते, लिनक्सच्या वाट्यासकट, आणि किल्ली त्या एका मशीनपुरतीच असते. दुसऱ्या संगणकाला तिच्यावर नुसता कचरा दिसतो. विंडोज लगेच विचारेल, डिस्क इनिशियलाइझ करायची का? तिथं ‘नाही’ म्हणा. हो म्हटलं की सगळं गेलं. माझ्या ओळखीच्या एकाची तीन वर्षांची कामं या एका क्लिकमध्ये गेली, म्हणून हात जोडून सांगतोय.

डेटा कुलपात असला तरी डिस्कच्या तब्येतीचे आकडे कुलपात नसतात. लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर ते वाचणारी स्मार्टसीटीएल ही कमांड चालवा. काही अडॅप्टरना ‘डी सॅट’ हा पर्याय द्यावा लागतो. पाच ओळी बघायच्या. ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे आणि ताटकळलेले सेक्टर, १९९ म्हणजे केबलमधल्या चुका, १२ म्हणजे डिस्क किती वेळा चालू झाली, आणि १९२ म्हणजे पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट, वीज अचानक गेल्यानं डिस्कच्या डोक्याला घाईनं बाजूला पळावं लागलं ते किती वेळा.

माझ्या डिस्कवर ५ ला शून्य, १९७ ला शून्य, १९९ ला शून्य. म्हणजे डिस्क ठणठणीत. १२ ला ५४० आणि १९२ ला १८७. मी त्या आकड्याकडं बराच वेळ बघत बसलो. मशीन जितक्या वेळा चालू झालं त्यातल्या तिसऱ्या हिश्शाइतक्या वेळा त्याच्या पायाखालची वीज ओढली गेली होती.

एक खबरदारी घ्या. काही कंपन्यांच्या डिस्क साधं बंद होणंही १९२ मध्ये मोजतात. म्हणून डिस्क परत बसवा, मशीन चालू करून लिनक्समधून रीतसर बंद करा, पुन्हा काढून आकडा बघा. माझा १८७ वरच राहिला. मग शंका उरली नाही.

तुमच्याकडं ५ किंवा १९७ ला आकडा असेल आणि तो दर तपासणीला वाढत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डिस्कच बदलायची. ते खाली सांगितलं आहे.

इन्व्हर्टर असून वीज कशी तुटते

आमच्या घरी इन्व्हर्टर आहे. लाइट गेली तरी पंखा चालू राहतो, ट्यूब चालू राहते, त्यामुळं विजेवर माझा संशय गेलाच नव्हता. ते पकडलं भाचीनं. सुट्टीत आली होती, मशीनवर तिचा प्रोग्रॅम चालू होता. सकाळचे दहा वाजले असतील. म्हणाली, “मामा, पंख्याचा आवाज बगा, बदलूलालाय.” मी वर पाहिलं. पंखा घरघरला, ट्यूब किंचित मिणमिणली, आणि मशीनचा हिरवा दिवा गपकन लाल झाला. तीन सेकंदांत पंख्याची घरघर थांबली. घरातलं बाकी काहीच बंद झालं नव्हतं.

आमच्या मागं डाळ मिल आहे. लातूरला असं घर मिळणं काही विशेष नाही. सकाळी मोटरी सुरू झाल्या की क्षणभर सगळ्या गल्लीतल्या विजेचा दाब पडतो. खेड्यात हेच शेतीपंपांनी होतं. थ्री-फेज आली, सगळ्या मोटरी एकदम उचलल्या, की लाइट डिम.

इन्व्हर्टरच्या मागं एक बारकं बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल अशा दोन खुणांचं. काहींवर नॉर्मलच्या जागी इको लिहिलेलं असतं. दुकानदार बहुधा ते नॉर्मलवर लावून देतात, कारण त्यात बॅटरी कमी वापरली जाते. नॉर्मलवर इन्व्हर्टर खूप खालचा दाब तसाच पुढं जाऊ देतो, अगदी १०० व्होल्टच्या आसपासपर्यंत, आणि मग बॅटरीवर उडी मारायलाही जास्त वेळ घेतो. पंख्याला आणि ट्यूबला याचं काही वाटत नाही. प्लेस्टेशनच्या पॉवर सप्लायला वाटतं. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला पॉवर सप्लाय साधारण एवढाच खंड आपल्या पोटातल्या कपॅसिटरवर निभावून नेतो. हा पंधरा-सोळा उन्हाळे तापलेला. तेवढी धमक आता त्यात राहिलेली नसते. म्हणून तेच मशीन, तेच घर, पण पूर्वी न होणारा त्रास आता होतो.

बटण यूपीएसवर केलं. यूपीएसवर दाब साधारण १८० च्या खाली गेला की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. पंधरा दिवसांत फक्त दोन वेळा मशीन बंद पडलं. आधी आठवड्याला तेवढं व्हायचं. उरलेल्या दोनसाठी शेवटी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घेतला, दाब वरखाली सांभाळणारा, लाइन इंटरॅक्टिव्ह म्हणतात तो. पहिल्या पिढीचं जाडं मॉडेल कामात असताना सुमारे २०० वॅट ओढतं, तेवढं त्यावर निघतं. हा यूपीएस इन्व्हर्टरच्या लाइनवर लावू नका. साध्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर अशा यूपीएसला पटत नाही, तो सारखा आपल्या बॅटरीवर जातो आणि तासाभरात रिकामा होतो. साध्या लाइनच्या सॉकेटवर लावा.

वीज तुटली तरी फाइल का तुटावी

माझा भाचा हाच प्रश्न घेऊन बसला होता, आणि प्रश्न बरोबर आहे. जर्नल असलेली फाइल सिस्टिम अशा वेळी सावरायला हवी. जर्नल म्हणजे दुकानातली कच्ची वही: आधी कच्च्या वहीत नोंद, मग पक्क्या वहीत. पण डिस्कच्या स्वतःच्या पोटात एक छोटा कॅश, म्हणजे तात्पुरता साठा, असतो आणि ती आपल्या सोयीनं लिखाणाचा क्रम बदलते. पक्क्या वहीत आधी लिहिलं, कच्ची वही कोरीच राहिली, आणि वीज गेली, तर हिशोब लागायचा कसा? हा क्रम पाळायला लावणाऱ्या अडसराला बॅरियर म्हणतात. जुन्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागात, ईएक्सटी३ या फाइल सिस्टिमला बॅरियर मुळातच बंद असायचा. ईएक्सटी४ ला चालू असतो. प्लेस्टेशन ३ साठीची बहुतेक लिनक्सं त्याच जुन्या काळातली, ईएक्सटी३ वर बसवलेली. माझंही तसंच होतं.

एफस्टॅब, म्हणजे कोणती डिस्क कशी माउंट करायची ते सांगणारी फाइल, उघडा. रूटच्या, म्हणजे मुख्य विभागाच्या, ओळीत, जिथं ‘एरर्स इक्वल्स रीमाउंट-आरओ’ लिहिलेलं असतं त्याच रकान्यात, स्वल्पविराम देऊन ‘बॅरियर इक्वल्स १’ जोडा. सोबत ‘नोएटाइम’ही टाका, म्हणजे नुसती फाइल वाचली तरी होणारं लिखाण थांबेल. लिहिणं किंचित हळू होतं. ते सोसा. आणि ‘रीमाउंट-आरओ’ काढून टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिस्क रीड-ओन्ली होते तेव्हा ती तुमचा डेटा वाचवत असते.

दुसरं, स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली की डिस्कची जागा मेमरीसारखी वापरणं. लिनक्सला या मशीनमध्ये २५६ एमबी मेमरी, त्यातलीही थोडी हायपरवायझर ठेवून घेतो. त्यामुळं जरा मोठं काम काढलं की डिस्कवर सतत स्वॅप चालू, आणि वीज जाते तेव्हा डिस्क नेमकी लिखाणात असते. ग्राफिक्स चिपची आणखी २५६ एमबी मेमरी लिनक्समध्ये जवळपास रिकामी पडून असते. पीएस३व्हीरॅम नावाचा ड्रायव्हर ती डिस्कसारखी वापरायला देतो. २००९ नंतरच्या मुख्य कर्नलमध्ये तो आहे. मॉड्यूल चढवा, त्यावर एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन जास्त प्राधान्यानं. डिस्कचा खडखडाट ऐकूनच फरक कळेल.

आत्ता तुटलेलं आहे ते असं सावरा

आधी डेटा काढा, मग दुरुस्ती. रीड-ओन्ली झालेलं असलं तरी वाचता येतं, तेव्हा नेटवर्कनं किंवा पेन ड्राइव्हवर होम फोल्डर उतरवून घ्या. दुसऱ्या संगणकाला ही डिस्क वाचता येत नाही, त्यामुळं बॅकअपची वाट याच मशीनमधून जाते. मशीन मेलं तर डेटाही त्याच्यासोबत गेला.

मग केबूटच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळीत शेवटी ‘सिंगल’ जोडून बूट करा, रूट रीड-ओन्ली माउंट झालंय ना ते बघा, आणि एफएससीके आधी ‘एन’ पर्यायानं चालवा. यात ते काही बदलत नाही, फक्त काय मोडलंय ते सांगतं. यादी छोटी असेल तर ‘वाय’नं चालवा. शेकडो ओळी आल्या तर पुन्हा एकदा बॅकअप तपासा. लिहिता येणाऱ्या अवस्थेत माउंट असलेल्या डिस्कवर एफएससीके कधीही नको. झाल्यावर लॉस्ट-फाउंड फोल्डर उघडून पाहा. मुलांच्या चार फाइली मला तिथं नावाऐवजी आकडे लागून सापडल्या.

याच्यासारखा दिसणारा एक वेगळा घोळही आहे. कर्नल नवं केलं आणि लगेच ‘रूट डिव्हाइस उघडत नाही’ असं म्हणून मशीन अडलं, तर फाइल सिस्टिम तुटलेली नाही. खूप जुन्या कर्नलमध्ये ही डिस्क एसडीए म्हणून दिसायची, नंतर पीएस३डीए झाली. केबूटच्या कॉन्फ फाइलमध्ये नाव बदला, एफस्टॅबमध्येही. केबूटमध्ये नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे विभागाचा ओळख-क्रमांक, द्यायचा विचार असेल तर इनिटआरडी, म्हणजे कर्नलसोबत चढणारी छोटी मदतनीस फाइल, लागते. नुसत्या कर्नलला यूयूआयडी कळत नाही.

डिस्क बदलायचीच असेल तर

डिस्क अडीच इंची सॅटा, ९.५ मिमीपेक्षा जाड नको. बदलायच्या आधी मागच्या लेबलवरचं मॉडेल वाचा. सीईसीएचच्या पुढं ए पासून जी पर्यंतचं अक्षर असेल तर फर्मवेअर २५६ एमबीच्या नँड चिपमध्ये आहे, नवी डिस्क फॉरमॅट केली की काम झालं. एच आणि त्यापुढचं असेल तर चिप फक्त १६ एमबीची नॉर असते, आणि फर्मवेअरचा मोठा भाग डिस्कवरच राहतो. नवी डिस्क लावली की मशीन पेन ड्राइव्हवरून अपडेट फाइल मागतं. तिथं ३.१५ चीच फाइल द्या. घाईत ताजी फाइल दिली तर अदर ओएस गेलं, आणि रीतसर मार्गानं मागं येता येत नाही. ४० जीबीच्या मॉडेलमध्ये जी आणि एच दोन्ही आहेत, तेव्हा डिस्कच्या आकारावरून अंदाज करू नका, अक्षर वाचा. आणि मशीनला लॅनची तार लावलेली असताना गेमच्या बाजूनं कुठल्याही अपडेटला ‘हो’ म्हणू नका.

माझी जुनीच डिस्क अजून चालू आहे. बॅरियर आणि यूपीएस लावले त्या दिवशी १९२ चा आकडा १९३ होता. पावसाळा संपला, डाळ मिलचा हंगाम पुन्हा जोरात सुरू झाला. गेल्या रविवारी निळा स्क्रू काढून डिस्क पुन्हा तपासली. १९३.